स्वतःच्याच मृत्यूची फेक न्यूज वाचणारा मार्टिन ल्यूथर : कॅथलिकांचा व्हिलन, प्रोटेस्टंटांचा हिरो, मग खरा माणूस कोणता?

१५४५ सालची गोष्ट. जर्मनीतल्या विटेनबर्ग गावात ६१ वर्षांचा एक प्राध्यापक हातात आलेलं एक इटालियन पत्रक वाचत होता. पत्रकात बातमी होती त्याच्याच मृत्यूची.

बातमी पण साधीसुधी नाही. म्हणे, मरताना त्याने आपलं प्रेत वेदीवर ठेवून देवासारखं पुजा असं सांगितलं. पुरल्यावर रात्री थडग्यातून भयंकर आवाज आले. लोकांनी थडगं उघडलं तर आत ना शरीर, ना हाडं, ना कपडे. होता तो फक्त गंधकाचा वास. म्हणजे सैतान येऊन घेऊन गेला. आणि हे बघून अनेक लोक घाबरून पुन्हा कॅथलिक झाले.

आज असं काही व्हायरल झालं तर माणूस लाईव्ह येऊन सांगेल की बाबांनो, मी जिवंत आहे. मार्टिन ल्यूथरनेही जवळपास तेच केलं. त्याने ते पत्रक स्वतःच छापून घेतलं, जर्मन भाषांतरासकट. खाली स्वतःची टीप जोडली, की मी हे वाचलं आणि मला फार मजा आली.

पुढच्याच वर्षी तो खरंच वारला. पण तो माणूस म्हणून कसा होता, यावरचं भांडण त्यानंतर जवळपास चारशे वर्षं चाललं.

आधी एक गोंधळ मिटवू. हा ल्यूथर म्हणजे अमेरिकेतले मार्टिन ल्यूथर किंग नव्हेत. नावाचा संबंध मात्र आहे. किंग यांच्या वडिलांचं नाव मायकल. ते पाद्री होते. १९३४ मध्ये ते जर्मनीला गेले आणि परत आल्यावर त्यांनी स्वतःचं आणि पाच वर्षांच्या मुलाचं नाव या जर्मन सुधारकावरून मार्टिन ल्यूथर केलं. एका बाजूला हा मान, दुसऱ्या बाजूला थडग्यातला गंधकाचा वास. माणूस एकच.

वकील व्हायला निघालेला पोरगा

ल्यूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ चा, आइसलेबेन गावातला. बाप हान्स तांब्याच्या धंद्यात होता आणि त्याला पोरगा वकील हवा होता. पोरगा एरफुर्टच्या विद्यापीठात गेलाही. पण जुलै १५०५ मध्ये श्टोटर्नहाइम गावाजवळ त्याला वादळाने गाठलं. जवळच वीज पडली. घाबरून त्याने संत ॲनाला नवस बोलला की वाचलो तर संन्यास घेईन. वाचला, आणि दोन आठवड्यांत ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. बाप भडकला.

इथूनच दोन गोष्टी सुरू होतात. प्रोटेस्टंट सांगणार, देवाने त्याला बोलावलं. जुने कॅथलिक लेखक सांगणार, भीतीपोटी घेतलेला संन्यास तो, टिकणार कसा? वीज एकच, अर्थ दोन. पुढे आयुष्यभर हेच होत राहिलं.

मठात त्याने जीव तोडून उपासतापास केले. पापाची भीती मात्र जाईना. १५१२ मध्ये तो विटेनबर्गला बायबलचा प्राध्यापक झाला आणि शिकवता शिकवता एका विचारावर येऊन थांबला. माणूस पुण्याईच्या हिशोबाने देवासमोर निर्दोष ठरत नाही, तो ठरतो फक्त श्रद्धेने, देवाच्या कृपेने.

त्याच काळात पापविमोचनपत्रांचा धंदा जोरात होता. कॅथलिक शिकवण अशी की पापाची क्षमा झाली तरी त्याची काही शिक्षा उरते. ती इथे भोगायची, नाहीतर मेल्यावर परगेटरीत, म्हणजे स्वर्गाआधीच्या शुद्धीच्या ठिकाणी. ही शिक्षा कमी करायचा अधिकार चर्चकडे आहे. शिकवण तिच्या जागी, पण व्यवहार काय होता? माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने आपल्या पदासाठी फुगर या सावकार घराण्याकडून मोठं कर्ज काढलं होतं. पत्रविक्रीतले निम्मे पैसे त्या कर्जाला जाणार होते आणि निम्मे रोमला सेंट पीटरच्या बांधकामाला. गावोगाव विकायला योहान टेट्झेल हा माणूस होता.

३१ ऑक्टोबर १५१७ ला ल्यूथरने या प्रकारावर ९५ मुद्दे लिहून आर्चबिशपला पाठवले. ते चर्चच्या दारावर खिळ्यांनी ठोकले हा सीन आपण सगळ्यांनी ऐकलाय. १९६१ मध्ये एर्विन इझरलो या कॅथलिक इतिहासकाराने म्हटलं की असं ठोकणं घडलंच नसावं. गंमत बघा, त्याचा हेतू ल्यूथरला खाली खेचण्याचा नव्हता. त्याचं म्हणणं होतं की ल्यूथरने आधी रीतसर बिशपला पत्र लिहिलं, म्हणजे तो बंड करायला निघालाच नव्हता. एक कॅथलिक माणूस ल्यूथरची बाजू घेतोय आणि त्यासाठी प्रोटेस्टंटांचा सगळ्यात लाडका सीन कापतोय.

पुढचं भराभर घडलं. १५२० मध्ये पोप लिओ दहाव्याने ल्यूथरच्या ४१ विधानांचा निषेध करणारं फर्मान काढलं. ल्यूथरने ते विटेनबर्गमध्ये जाळलं. जानेवारी १५२१ मध्ये त्याला धर्मबहिष्कृत केलं गेलं. एप्रिलमध्ये वर्म्सला सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर त्याने माघार घ्यायला नकार दिला. मग आश्रयदात्या राजाच्या माणसांनी त्याला वाटेतून उचलून वार्टबुर्ग किल्ल्यात लपवलं. तिथे अवघ्या ११ आठवड्यांत त्याने नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं.

पण वाद माणसावर का गेला?

मला या सगळ्या प्रकरणात हाच प्रश्न सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. वाद होता श्रद्धा, कृपा, पोपचा अधिकार यांचा. मग दारू, बायको, झोप, पोट यावर कसा काय आला?

कारण असं दिसतं. कॅथलिक चर्चमध्ये अधिकार पदाचा असतो. पोप माणूस म्हणून वाईट निघाला तरी पद टिकतं आणि वाईट फादरने दिलेला संस्कारही वैध धरला जातो. ल्यूथरकडे असं मोठं पद नव्हतं. एक साधा संन्यासी उभा राहून सांगत होता की इतकी शतकं चर्च चुकतंय. मग समोरचा पहिला प्रश्न विचारणार, तू कोण? ते उत्तर द्यायला ल्यूथरकडे बायबल होतं, पण लोकांना दिसत होता तो माणूस. त्यामुळे त्याच्या समर्थकांनी माणसालाच प्रमाणपत्र बनवलं आणि विरोधकांनी तेच प्रमाणपत्र फाडायला घेतलं.

समर्थक किती पुढे गेले बघा. १५२१ मध्येच हान्स बाल्डुंग ग्रीन या चित्रकाराने ल्यूथरचं चित्र केलं, डोक्यामागे तेजोवलय आणि वर पवित्र आत्म्याचं कबुतर. वर्म्सला आलेल्या पोपच्या दूताने रोमला तक्रार लिहिली की असली चित्रं विकली जातायत आणि लोक त्यांची चुंबनं घेतायत. जो माणूस संतपूजेच्या विरोधात बोलत होता, त्याचाच चार वर्षांत संत झाला! पुढे तर कहरच. १६८९ मध्ये आइसलेबेनच्या जन्मघराला आग लागली, त्यात त्याचं चित्र जळलं नाही म्हणून तो चमत्कार ठरला. त्याच्या मृत्युशय्येच्या लाकडाच्या ढलप्या लोक दातदुखीवर वापरत. वार्टबुर्गमध्ये त्याने सैतानावर दौत फेकली अशी दंतकथा आहे. तो शाईचा डाग भिंतीवर नव्याने रंगवला जायचा आणि भेट देणारे तो पुन्हा खरवडून न्यायचे.

विरोधकही कमी नव्हते. काहींनी लिहिलं की त्याच्या आईचा सैतानाशी संबंध आला होता. पण सगळ्यात जास्त काळ टिकलं ते योहानेस कोख्लेउस याचं काम. हा विद्वान कॅथलिक पाद्री वर्म्सला ल्यूथरला स्वतः भेटला होता, त्याच्याशी जाहीर वाद घालायची त्याची तयारी होती. १५२९ मध्ये त्याने एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर सात डोक्यांचा ल्यूथर छापला. मग १५४९ मध्ये ल्यूथरचं मोठं चरित्र काढलं. त्यातला ल्यूथर गर्विष्ठ, खोटारडा, वासनांध, दंगलखोर. नंतरच्या कॅथलिक लेखकांनी तेच उचललं, एकाने दुसऱ्याकडून, दुसऱ्याने तिसऱ्याकडून. आज आपण ज्याला फॉरवर्डेड मेनी टाइम्स म्हणतो, तसंच काहीसं.

लग्न, शेतकरी आणि एक लपवलेलं पत्र

आता आरोपांकडे येऊ. सगळ्यात जास्त चघळलेला आरोप लग्नाचा. कातारिना फॉन बोरा ही नन १५२३ मध्ये इतर नन्ससोबत मठातून पळाली. एका व्यापाऱ्याच्या गाडीतून, हेरिंग माशांच्या पिंपांमध्ये लपून, असं सांगतात. १३ जून १५२५ ला ल्यूथरने तिच्याशी लग्न केलं. तो ४१ वर्षांचा, ती २६ची. संन्यासी आणि नन, दोघांनी शपथ मोडली. बायको मिळावी म्हणूनच याने सगळा धर्म मोडला, हा आरोप मग शतकानुशतकं चालला. ती लग्नाआधीच गरोदर होती अशी अफवाही उठली आणि इरॅस्मससारख्या मोठ्या विद्वानाने ती पुढे सरकवली. पहिला मुलगा जन्मला ७ जून १५२६ ला, लग्नानंतर जवळपास वर्षभराने. इरॅस्मसला शब्द मागे घ्यावे लागले. संन्यासी आणि ननच्या पोटी ख्रिस्तविरोधी जन्मतो अशी एक जुनी समजूत होती. त्यावर इरॅस्मसनेच टोमणा मारला की तसं असतं तर जग केव्हाच अशा पोरांनी भरलं असतं.

हिशोब केला तरी आरोप टिकत नाही. ९५ मुद्दे १५१७ चे, लग्न १५२५ चं. बायकोसाठी आठ वर्षं आधीपासून जिवावर उदार होणारा माणूस मला तरी पटत नाही. संसारही त्याने नेटाने केला. सहा मुलं झाली. मग्दालेना ही मुलगी तेराव्या वर्षी वारली तेव्हा तो पार मोडून गेला होता.

पण लग्नाची वेळ? तिथे मात्र प्रोटेस्टंटांची अडचण होते. त्याच महिन्यांत जर्मनीत शेतकऱ्यांचं बंड चिरडलं जात होतं. शेतकऱ्यांना वाटलं होतं की हा माणूस आपल्या बाजूचा आहे. ल्यूथरने आधी जमीनदारांनाही सुनावलं, पण बंड पेटल्यावर शेतकऱ्यांना कुत्र्यासारखं मारा, अशा अर्थाचं पत्रक लिहिलं. ते लोकांच्या हातात पडलं तेव्हा कत्तली सुरू झाल्या होत्या. पूर्ण बंडात एक लाखाच्या आसपास माणसं मेल्याचा अंदाज दिला जातो. अशा वेळी लग्न! खुद्द ल्यूथरचा जवळचा सहकारी मेलांक्थॉन नाराज झाला. त्याने एका मित्राला ग्रीक भाषेत पत्र लिहून ती नाराजी कळवली. त्या मित्राने पुढे पत्र छापताना टोचणारा भाग बदलून टाकला. म्हणजे एक बाजू चिखल फासत होती, तर दुसरी पॉलिश मारत होती.

हेसेचा राजा फिलिप याचं प्रकरण तर झाकणंही कठीण. हा प्रोटेस्टंटांचा मोठा राजकीय आधार. बायको जिवंत असताना त्याला दुसरं लग्न करायचं होतं. साम्राज्याच्या कायद्यात याला मृत्युदंड होता. डिसेंबर १५३९ मध्ये ल्यूथर आणि मेलांक्थॉनने गुपचूप संमती दिली. १५४० मध्ये लग्न झालं आणि बातमी फुटली. तेव्हा ल्यूथरचा सल्ला होता, साफ नाकारा. कॅथलिकांनी हे प्रकरण वापरलं तर त्यात त्यांची चूक काय?

आणि मग १५४३ चं ज्यूंविरुद्धचं पुस्तक. वीस वर्षांपूर्वी त्याच माणसाने ज्यूंशी माणुसकीने वागा असं लिहिलं होतं. आता तो सांगत होता की त्यांची प्रार्थनास्थळं जाळा, घरं पाडा, ग्रंथ काढून घ्या, त्यांना मजुरीला जुंपा. कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांच्या जुन्या भांडणात या पुस्तकाचा फारसा गाजावाजा दिसत नाही. कारणही उघड आहे. ल्यूथरचा कट्टर कॅथलिक विरोधक योहान एक याने १५४१ मध्ये ज्यूंवर तितकंच विषारी पुस्तक लिहिलं होतं आणि १५५५ मध्ये पोप चौथ्या पॉलने रोमच्या ज्यूंना वेगळ्या कोंडवाड्यासारख्या वस्तीत टाकलं. यावर दोघांचं जमत होतं. हिशोब चुकता झाला तो विसाव्या शतकात. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, तेव्हा मार्टिन सासे या प्रोटेस्टंट बिशपने ल्यूथरचे उतारे असलेली पुस्तिका काढली. ते सगळं ल्यूथरच्या वाढदिवशी झालं याचा त्याला आनंद होता. जर्मनीच्या प्रोटेस्टंट चर्चने ल्यूथरच्या या लिखाणापासून स्पष्ट शब्दांत फारकत घेतली ती २०१५ मध्ये.

मृत्यूचा पंचनामा

१८ फेब्रुवारी १५४६ च्या पहाटे ल्यूथर गेला, योगायोगाने जन्मगावीच, आइसलेबेनला. तिथल्या सरदार भावांचं भांडण मिटवायला तो आला होता. त्या काळी पक्की समजूत होती की पाखंडी माणसाला वाईट मरण येतं. म्हणून सोबतचे लोक शेवटपर्यंत खबरदारी घेत होते. आपल्या शिकवणीवर अजून ठाम आहेस ना, असं त्याला मरताना विचारलं गेलं. तो हो म्हणाला. सगळं लिहून लगेच छापलं. प्रेताच्या शांत चेहऱ्याचं रेखाचित्रही काढून घेतलं.

तरी कोख्लेउसने गावातल्या कॅथलिक औषधविक्रेत्याची साक्ष छापलीच, तोंड वाकडं झालं होतं, एक बाजू काळी पडली होती वगैरे. पुढे शतक संपायच्या आत गोष्ट आत्महत्येवर पोचली. १८९० च्या सुमाराला पाउल मायुंके या जर्मन कॅथलिक पाद्र्याने ती पुन्हा उकरून काढली. तिला मूठमाती कोणी दिली? निकोलाउस पाउलुस या कॅथलिक इतिहासकारानेच. १८९८ मध्ये त्याने कागद तपासून दाखवलं की ल्यूथर नैसर्गिक मरणाने गेला.

कॅथलिकांकडूनच कॅथलिकांना उत्तर, हा या कथेतला सगळ्यात मोठा ट्विस्ट आहे. तो एका दिवसात आला नाही. १९०४ मध्ये हाइनरिख डेनिफ्ले या डोमिनिकन पंडिताने प्रचंड अभ्यास करून ल्यूथरवर ग्रंथ लिहिला आणि निष्कर्ष काढला की वासना आवरेना म्हणून त्याने श्रद्धेचं तत्त्वज्ञान शोधलं. मूळ कागद इतके वाचले आणि शेवटी कोख्लेउसच्याच दारात! पण त्या ग्रंथाने प्रोटेस्टंटांना मध्ययुगातले धर्मपंडित नीट वाचायला भाग पाडलं, हेही खरं. पुढे ग्रीझार या जेझुइटाने वासनेचा आरोप सौम्य केला आणि ल्यूथरला मनाने आजारी ठरवलं.

वळण आलं १९३९-४० मध्ये. योझेफ लोर्ट्झ या कॅथलिक इतिहासकाराने लिहिलं की त्या काळचं चर्च खरोखर सडलेलं होतं, ल्यूथर मनापासून धार्मिक होता आणि फाटाफुटीचा दोष कॅथलिकांचाही आहे. (हाच लोर्ट्झ १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला होता. म्हणजे चरित्रकारांचीही चरित्रं तपासावी लागतात.) आणि १९४३ मध्ये आडोल्फ हेर्टे या कॅथलिक अभ्यासकाने थेट तीन खंड काढून दाखवलं की चारशे वर्षं कॅथलिकांनी पाहिलेला ल्यूथर हा ल्यूथर नव्हताच, तो कोख्लेउसने रंगवलेला होता.

आपल्याकडे कोणता ल्यूथर आला?

ल्यूथर जिवंत असतानाच, १५४२ मध्ये, फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला होता. त्याचा जेझुइट संघ पुढे युरोपात प्रोटेस्टंटांविरुद्ध आघाडीवर राहिला. गोवा आणि वसईची कॅथलिक परंपरा अशी पोर्तुगीजांकडून आली. मुंबई आणि अहमदनगरकडे (आताचं अहिल्यानगर) १८१३ पासून आलेलं अमेरिकन मराठी मिशन प्रोटेस्टंट. त्यात इंग्रजी शिक्षण, तेही प्रोटेस्टंट वळणाचं. त्यामुळे शिकलेल्या मराठी माणसाला भेटला तो चर्चला हादरवणारा हिरो. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० सालच्या मराठा सत्तेच्या उदयावरील ग्रंथात आपल्या संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या याच धर्मसुधारणेशी केली. शाळेच्या इतिहासात आपण वाचतो तो ल्यूथर साधारण हाच. शेतकरी, हेसेचा राजा, १५४३ चं पुस्तक सहसा त्यात नसतं.

तिकडे मात्र बरंच बदललं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक संघाने संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. विषय तोच, श्रद्धा आणि कृपेचा, ज्यावरून सगळं फाटलं होतं. २०१५ मध्ये रोममध्ये एका चौकाला ल्यूथरचं नाव दिलं गेलं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस स्वीडनमधल्या लुंडला जाऊन ल्यूथरनांसोबत प्रार्थनेला उभे राहिले. २०१७ मध्ये व्हॅटिकनने टपाल तिकीट काढलं, त्यावर क्रूसाच्या पायाशी हातात बायबल घेतलेला ल्यूथर. काही कट्टर कॅथलिकांना ते अजिबात रुचलं नाही. काही कट्टर ल्यूथरन चर्चेसना १९९९ चा जाहीरनामाही मान्य नाही.

मग १५२१ चा बहिष्कार उठला का? नाही. चर्चकडून उत्तर मिळतं की बहिष्कार जिवंत माणसावर असतो, मेल्यावर तो आपोआप संपतो, त्यामुळे उठवायला काही उरलेलं नाही. आणि ल्यूथरने १५३६ च्या अखेरीस पोपला ख्रिस्तविरोधी ठरवणारा जो मजकूर लिहिला, तो ल्यूथरनांच्या अधिकृत धर्मग्रंथसंग्रहात आजही छापला जातो.